मिस्रची रोटी, मिस्रची गादी

शाळेत राज्यशास्त्र इतिहासाच्या पुस्तकाला जोडलेले असते आणि नववीच्या अर्थशास्त्राचे धडे भूगोलाच्या पुस्तकात सापडतात. ही वाटणी आम्हाला शिकवताना नेहमी खटकते. मुलांच्या मनात पक्के बसते की निवडणूक, संसद, मंत्रिमंडळ हा एक विषय आणि महागाई, कर्ज, गव्हाचा भाव हा अगदी वेगळा विषय. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात किराण्याची यादी करणाऱ्या कोणत्याही अम्मीला विचारा, ती अशी वाटणी करत नाही. तेलाचा डबा महागला की "सरकार काय करतंय?" हा प्रश्न तिच्या तोंडून आपोआप निघतो.

जगात या दोन गोष्टी एकमेकींना कशा घडवतात आणि बिघडवतात हे सांगायला दहा देशांची नावे घेता येतील. पण दहा ठिकाणी डोकावण्यापेक्षा एकाच देशात नीट बसावे असे आम्हाला वाटले. तो देश मिस्र, म्हणजे नकाशावरचा इजिप्त. आपल्या कोकणातल्या ज्या घरांतून कुणी ना कुणी कुवेत, सौदी किंवा दुबईला नोकरीला गेलेले आहे, त्या घरांत 'मिसरी' हा शब्द नवा नाही. कंपनीतला हिशेबनीस मिसरी, शाळेतला उस्ताद मिसरी, शेजारच्या खोलीत राहणारा मिसरी. हा मिसरी आपल्या घरी पैसे का पाठवतो, कधी पाठवत नाही, आणि त्याच्या मुलखात एका रोटीसाठी सरकारे का थरथरतात, हे समजून घेण्यासारखे आहे.

आधी एक गमतीची गोष्ट. उर्दूत 'ऐश' म्हणजे चैन, मौजमजा. मूळ अरबी शब्दाचा अर्थ जगणे, जीवन. बाकीचे अरब रोटीला 'खुब्ज' म्हणतात, मिसरी माणूस मात्र रोटीलाच 'ऐश' म्हणतो. आपल्याकडे जो शब्द चैनीचा झाला, तो तिकडे पोटापुरत्या भाकरीचा राहिला! त्यांची रोजची रोटी म्हणजे 'ऐश बलदी'. कोंडा असलेल्या पिठाची, गोल, भट्टीत फुगलेली. नाश्त्याला उकडलेल्या बाकल्यांबरोबर, म्हणजे 'फूल'बरोबर, तीच आणि रात्री भाजीबरोबरही तीच.

धान्याचे कोठार ते सर्वांत मोठे गिऱ्हाईक

सूरह यूसुफ आपण सर्वांनी ऐकलेली, वाचलेली आहे. सात सुकाळाची वर्षे, सात दुष्काळाची वर्षे, आणि मिस्रच्या बादशहाने कोठारांचा कारभार हजरत यूसुफ (अलैहिस्सलाम) यांच्या हाती सोपवणे. धान्य साठवणे आणि राज्य चालवणे ही एकच जबाबदारी आहे हे त्या कथेत किती स्पष्ट दिसते! पुढे रोमच्या साम्राज्याचे पोट नाईलच्या गव्हावर भरत असे. उस्मानी काळात मिस्रमधल्या वक्फच्या जमिनींतून मक्का आणि मदीनेला धान्य जाई. म्हणजे हजारो वर्षे हा देश दुसऱ्यांना खाऊ घालणारा होता. आज तो जगातला गव्हाचा सर्वांत मोठा किंवा फार तर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचा आयातदार असतो. वर्षाला साधारण सव्वा कोटी टन गहू बाहेरून येतो.

हे असे का झाले? लोकसंख्या वाढली हे उत्तर खरे आहे, पण अर्धे. १९५२ साली सव्वादोन कोटींच्या आत असलेला देश आज साडेदहा कोटींच्या पुढे गेला आहे आणि कसण्याजोगी जमीन नाईलच्या काठाने जाणारी एक हिरवी पट्टी आणि त्रिभुज प्रदेश एवढीच. उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी एकोणिसाव्या शतकात जावे लागते.

मुहम्मद अली पाशाने तिथे लांब धाग्याच्या कापसाची लागवड सुरू केली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्या दोन ठिकाणी धावल्या, एक आपली मुंबई आणि दुसरा मिस्र. मुंबईत तेव्हा काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. पैशांचा पाऊस पडला, शेअरचे वेड लागले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळे कोसळले. मिस्रमध्येही तोच पाऊस पडला. फरक एवढाच की तिथे कर्ज काढणारा व्यापारी नव्हता, खुद्द राज्यकर्ता होता. खेदिव इस्माईल याने कालवे, रेल्वे, राजवाडे, नाट्यगृह असे सगळे युरोपच्या सावकारांच्या पैशावर उभारायला घेतले. तो गादीवर आला तेव्हा कर्ज सुमारे ३० लाख पौंड होते. तेरा वर्षांत ते नऊ कोटींच्या आसपास पोहोचले. १८७५ मध्ये सुएझ कालव्यातला आपल्या देशाचा हिस्सा त्याने सुमारे ४० लाख पौंडांना ब्रिटनला विकून टाकला. पुढच्याच वर्षी मिस्रच्या उत्पन्नावर युरोपीय सावकारांचे मंडळ येऊन बसले, १८७९ मध्ये इस्माईलची गादी गेली आणि १८८२ मध्ये ब्रिटिश फौज उतरली. त्या फौजेत हिंदुस्थानातून नेलेले शिपाईही होते. नंतर चोवीस वर्षे मिस्रचा खरा कारभार पाहणारा एव्हलिन बेअरिंग, म्हणजे लॉर्ड क्रोमर, हा आधी कलकत्त्यात हिंदुस्थान सरकारचा अर्थखात्याचा सदस्य होता. कर्जवसुलीसाठी आलेला माणूस राज्य करू लागला. जमीन कापसाखाली राहिली, कारण सावकाराची देणी कापसातून फिटत होती, गव्हातून नव्हे.

नासिरचा सौदा

रोटीवरचे अनुदान दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईत सुरू झाले. पण त्याला राज्यकारभाराचा पाया बनवले ते १९५२ च्या क्रांतीनंतर आलेल्या जमाल अब्दुन्नासिर यांनी. जमीनदारांच्या जमिनी कमाल मर्यादेबाहेर गेल्या, सुएझचे १९५६ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, विद्यापीठापर्यंत शिक्षण मोफत झाले, पदवीधराला सरकारी नोकरीची हमी मिळाली, आणि रोटी स्वस्त राहिली. दुसऱ्या बाजूला राजकीय पक्ष १९५३ च्या जानेवारीतच बरखास्त झाले होते. हा एक न लिहिलेला सौदा होता. सरकार पोट भरील, शिकवील, नोकरी देईल, आणि प्रजेने प्रश्न विचारायचे नाहीत. नासिर यांच्यावर तिथले गरीब लोक जीव टाकत आणि त्याला कारणही होते. ज्या फल्लाहच्या घरात पिढ्यान् पिढ्या अक्षर पोहोचले नव्हते, त्याचा मुलगा डॉक्टर झाला. पण सौद्याची दुसरी बाजू आम्हाला विसरता येत नाही.

या स्वस्त रोटीचा गहू मोठ्या प्रमाणात अमेरिकेतून येत होता. 'पीएल ४८०' नावाच्या कायद्याखाली तो सवलतीने मिळे. आपल्या वडीलधाऱ्यांना हे नाव नको असताना पाठ आहे, कारण साठच्या दशकात तोच गहू भारतातही येत होता. महाराष्ट्रात दुष्काळात रेशनवर आलेल्या त्या लाल 'मिलो'च्या भाकरीची आठवण काढताना आमच्या घरातली बुजुर्ग मंडळी अजून तोंड वाकडे करतात. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी भारताला हा गहू हात आखडत, थोडा थोडा दिला. व्हिएतनामच्या युद्धावर भारत करत असलेली टीका त्यांना रुचत नव्हती. नासिर यांच्याशी तर उघडच बिनसले. १९६४ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी पोर्ट सईदच्या सभेत अमेरिकेला सुनावले की आमचे वागणे पटत नसेल तर समुद्राचे पाणी प्या, भूमध्य पुरला नाही तर तांबडा समुद्रही आहे. सभेत टाळ्या पडल्या. गव्हाच्या जहाजांचा प्रश्न मात्र बिकट झाला आणि साठचे दशक संपण्याआधी ती सवलत बंद पडली.

स्वाभिमानाची किंमत असते हे खरे. पण ती कुणाच्या ताटातून वसूल होते हे सभेत कुणी सांगत नाही.

जानेवारी १९७७

नासिर यांच्यानंतर अन्वर सादात आले. १९७३ चे युद्ध झाले, १९७४ मध्ये त्यांनी 'इन्फिताह' म्हणजे खुलेपणाचे धोरण आणले. परदेशी माल आला, परदेशी बँका आल्या, काहिऱ्यात नवश्रीमंतांचा एक वर्ग दिसू लागला. तिजोरी मात्र रिकामी होती. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचे म्हणणे होते की अनुदाने कमी करा, मग कर्जाचे बोलू.

१७ जानेवारी १९७७ ला सरकारने भाववाढ जाहीर केली. तांदूळ, साखर, चहा, तेल, गॅस आणि काही प्रकारचे पीठ व पाव. दुसऱ्या दिवशी सकाळी अलेक्झांड्रियाच्या गोदीतले कामगार, काहिऱ्याचे विद्यार्थी, मग गृहिणी, मग सगळेच रस्त्यावर आले. अलेक्झांड्रियापासून अस्वानपर्यंत देश पेटला. सादात तेव्हा अस्वानलाच होते. संचारबंदी लागली, लष्कर उतरले, सत्तरच्या वर माणसे मेली. दोन दिवसांत भाववाढ मागे घ्यावी लागली. सादात यांनी याला 'चोरांचे बंड' म्हटले. लोक त्याला आजही 'रोटीचे बंड' म्हणतात.

या दोन दिवसांनी मिस्रचे पुढचे जवळपास अर्धे शतक ठरवले, असे आमचे मत आहे. त्यानंतर जो कुणी गादीवर आला त्याच्या मनात एकच भीती बसली, रोटीला हात लावायचा नाही. आणि रोटीला हात लावायचा नसेल तर पैसा दुसरीकडून आणायचा.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सादात जेरुसलेमला गेले. १९७८ मध्ये कॅम्प डेव्हिड, १९७९ मध्ये इस्राएलशी तह. ते केवळ रोटीसाठी गेले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. सिनाईची जमीन परत हवी होती, चार युद्धांनी देश थकला होता. पण युद्ध संपले की सुबत्ता येईल, असे वचन ते स्वतः लोकांना देत होते. तहानंतर अमेरिकेची मदत वाहू लागली, पुन्हा गहूही येऊ लागला. अरब लीगने मिस्रला निलंबित केले आणि आपले मुख्यालय काहिऱ्याहून ट्युनिसला हलवले. पॅलेस्टिनी भावांना मिस्रने एकटे सोडले ही भावना अरब जगात तेव्हा जी रुजली, ती अजून गेलेली नाही. ६ ऑक्टोबर १९८१ ला लष्करी संचलनात सादात यांची हत्या झाली.

आकसत गेलेली रोटी

हुस्नी मुबारक यांची तीस वर्षे ही भाव न वाढवता भाव वाढवण्याची तीस वर्षे होती. अर्ध्या पियास्तरची रोटी सादात यांच्या शेवटच्या काळात एका पियास्तरवर गेलेली होती. (शंभर पियास्तरचा एक इजिप्शियन पौंड.) मुबारक यांनी ती १९८४ मध्ये दोनवर आणि १९८८ मध्ये पाचवर नेली. पद्धत अशी की थोड्या बऱ्या पिठाची नवी रोटी वरच्या दराने बाजारात आणायची आणि जुनी स्वस्त रोटी हळूहळू दिसेनाशी होऊ द्यायची. १९८४ मध्ये कफ्र अद्दव्वार या गिरणगावात तरीही दंगल झालीच. १९८८ नंतर मात्र पाच पियास्तरचा आकडा जणू दगडात कोरला गेला. पुढे रोटीचे वजन घटत गेले, पीठ बदलत गेले, आकडा तोच राहिला. बिस्किटाचा पुडा त्याच किमतीत हलका होत जातो हे आपण दुकानात पाहतोच. तिथे सरकारनेच ती युक्ती केली.

आणि पैसा? तो राजकारणातून आला. १९९० मध्ये सद्दाम हुसेनने कुवेत गिळले. आपल्याकडचीही कितीतरी माणसे तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी परत आली. मिस्रचे लाखो कामगारही इराक-कुवेतहून परतले, त्यांनी घरी पाठवायचा पैसा थांबला. मुबारक यांनी अमेरिकेच्या बाजूने फौज पाठवली. बदल्यात अमेरिकेने सुमारे सात अब्ज डॉलरचे लष्करी कर्ज माफ केले आणि पॅरिस क्लब नावाच्या सावकार देशांच्या गटाने आपले जवळपास अर्धे येणे सोडून दिले. एका युद्धातल्या बाजूने देशाचा ताळेबंद बदलला. त्या युद्धाबद्दल तेव्हा आपल्या मोहल्ल्यांत किती वाद झाले होते! मिस्रच्या अर्थमंत्र्याला मात्र तो वाद परवडणारा नव्हता.

स्वस्त रोटीला गळतीही मोठी होती. सरकार बेकरीवाल्याला अगदी कमी भावात पीठ देई आणि त्याने पाच पियास्तरला रोटी विकायची असा नियम. पण तेच पीठ काळ्या बाजारात कितीतरी पट भावाने जाई. मग बेकरी दुपारीच बंद, पाटीवर 'पीठ संपले'. दुसरीकडे रोटी पशुखाद्यापेक्षा स्वस्त पडत असल्यामुळे कोंबड्या आणि जनावरे तिच्यावर पोसली जात. गरिबासाठी काढलेली सवलत गरिबापर्यंत पोहोचण्याआधी वाटेत किती हात तिला लागतात, हे रेशन दुकानासमोर उभे राहिलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

२००८ मध्ये जगभर गहू भडकला. खुल्या बाजारातला पाव महागला तशी सवलतीच्या रोटीपुढची रांग लांबली. रांगेत हाणामाऱ्या झाल्या, माणसे मेली. मुबारक यांनी लष्कराच्या भट्ट्यांना रोटी भाजून लोकांना देण्याचा हुकूम दिला. ६ एप्रिलला महल्ला या कापडगिरण्यांच्या शहरात कामगारांचा उद्रेक झाला. 'सहा एप्रिल' हेच नाव घेऊन तरुणांची जी चळवळ उभी राहिली, ती तीन वर्षांनी तहरीर चौकात पुढे होती.

२०१० च्या उन्हाळ्यात रशियात अवर्षण आणि वणवे. ऑगस्टमध्ये रशियाने गव्हाची निर्यात बंद केली, जगात भाव पुन्हा चढले. डिसेंबरमध्ये ट्युनिशियात एका भाजीविक्रेत्या तरुणाने स्वतःला जाळून घेतले आणि २५ जानेवारी २०११ ला काहिऱ्यात लोक बाहेर पडले. घोषणा होती 'ऐश, हुर्रिया, अदाला इज्तिमाइया', म्हणजे रोटी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय. ध्यानात घ्या, सवलतीची रोटी तेव्हाही पाच पियास्तरचीच होती, तिचा भाव एक कणही वाढलेला नव्हता. पोलिसांची दंडेली, पदव्या घेऊन बसलेली बेकार मुले, काही आठवड्यांपूर्वीच झालेली बनावट निवडणूक हे सगळे त्या गर्दीत होते. आणि तरीही घोषणेतला पहिला शब्द 'ऐश' होता. नासिर यांनी केलेला जुना सौदा मोडला होता. रोटी मिळत होती, पण तिच्या बदल्यात गप्प बसायला ती पिढी तयार नव्हती. ११ फेब्रुवारीला मुबारक पायउतार झाले.

कुणाचे मित्र, कुणाचे पैसे

पुढची दोन वर्षे आमच्या वाचकांनी वर्तमानपत्रांतून पाहिली आहेत. जून २०१२ मध्ये मुहम्मद मुर्सी निवडून आले. त्यांच्या काळात कतारने मदत केली, पण पेट्रोलसाठी रांगा, वीज गुल आणि डॉलरचा तुटवडा यांनी लोक हैराण झाले. ३ जुलै २०१३ ला लष्कराने त्यांना हटवले आणि त्यानंतर काही दिवसांतच सौदी अरेबिया, अमिराती आणि कुवेत यांनी मिळून बारा अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. गादीवर कोण आहे यावर कोणत्या शेजाऱ्याची थैली उघडणार हे ठरते. हे इतक्या उघडपणे फार क्वचित दिसते.

अब्दुल फत्ताह सीसी यांच्या काळात एक सुधारणा खरोखर चांगली झाली, ती मान्य केली पाहिजे. २०१४ पासून रोटी कार्डावर आली. माणशी रोज पाच रोट्या. बेकरीवाला पीठ पूर्ण भावाने घेतो आणि कार्ड यंत्रातून जितक्या वेळा फिरेल तितक्या रोट्यांचे पैसे सरकार त्याला देते. न घेतलेल्या रोट्यांचे गुण साठतात, त्यांवर साखर-तेल घेता येते. पीठ चोरण्यात अर्थच उरला नाही, रांगा कमी झाल्या. अर्थात चोराला दुसरी वाट सापडते. २०१६ मध्ये शेतकऱ्यांकडून केलेल्या गहूखरेदीत कागदावरचाच गहू निघाला आणि पुरवठामंत्र्याला राजीनामा द्यावा लागला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नाणेनिधीकडून बारा अब्ज डॉलरचे कर्ज घेण्यासाठी चलन बाजारावर सोडले गेले. नऊ पौंडांच्या आत मिळणारा डॉलर थोड्याच काळात अठरा पौंडांवर गेला. पुढच्या उन्हाळ्यात महागाई तेहतीस टक्क्यांवर पोहोचली. मार्च २०१७ मध्ये बेकऱ्यांकडे कार्डाविना असलेला रोट्यांचा वाटा कमी करताच अलेक्झांड्रिया आणि इतर शहरांत बायका रस्त्यावर बसल्या आणि सरकारने काही तासांत माघार घेतली. चाळीस वर्षे उलटून गेली तरी १९७७ ची भीती तशीच होती.

दरम्यान वाळवंटात नवी राजधानी उभी राहू लागली. आफ्रिकेतल्या सर्वांत उंच मनोऱ्यांपैकी एक तिथे आहे. लष्कराच्या कंपन्या रस्ते बांधतात, मॅकरोनी बनवतात, बाटलीबंद पाणी विकतात. परकी कर्ज १६० अब्ज डॉलरच्या पुढे गेले. इस्माईलच्या राजवाड्यांची आठवण आम्हाला होते ती उगीच नाही.

आणि मग फेब्रुवारी २०२२. मिस्रच्या आयात गव्हातला सुमारे ऐंशी टक्के रशिया आणि युक्रेनमधून येत होता, आणि हे दोघेच एकमेकांशी लढू लागले. मिस्रने नवे विक्रेते शोधले, त्यात आपला देशही होता. एप्रिलमध्ये भारतीय गव्हाला मिस्रने मान्यता दिली. तोवर मार्चच्या उष्णतेच्या लाटेने इकडचे पीक करपवले होते, भाव वाढत होते, आणि १३ मे रोजी भारताने गव्हाची निर्यात बंद केली. आधीच कांडला बंदरात मिस्रसाठी भरला जात असलेला सुमारे ६१ हजार टनांचा माल तेवढा सोडण्यात आला. इथल्या घरात पोळी महागू नये म्हणून घेतलेला निर्णय तिथल्या घरातल्या रोटीला लागला. यात दोष कुणाला द्यायचा? प्रत्येक सरकार आधी आपला मतदार पाहणार.

डॉलर पळून गेले, पौंड घसरत गेला. युद्धाआधी सोळा पौंडांच्या आत मिळणारा डॉलर जानेवारी २०२३ मध्ये तीस आणि मार्च २०२४ मध्ये पन्नासपर्यंत गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये महागाईने अडतीस टक्क्यांचा टप्पा गाठला. २०२२ च्या अखेरीस तिथल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने स्वस्त प्रथिनांच्या यादीत कोंबडीचे पाय सुचवले तेव्हा सारा देश संतापला. गरिबाने पाय खाल्ले होते आधीही. पण सरकारी संस्थेने सल्ला म्हणून ते सांगावे, हा अपमान मध्यमवर्गाला सहन झाला नाही. याच काळात आखातातला मिसरी माणूस बँकेतून पैसे पाठवीनासा झाला, कारण काळ्या बाजारात त्याच डॉलरचे कितीतरी अधिक पौंड मिळत. बँकेचा भाव वास्तवाशी जुळला तेव्हा तो पुन्हा बँकेकडे वळला. कोकणातल्या हुंडी-हवाल्याच्या जुन्या गोष्टी ऐकलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

गाझावर युद्ध लादले गेले आणि हुथींच्या हल्ल्यांमुळे जहाजांनी तांबडा समुद्र टाळला. सुएझ कालव्याचे उत्पन्न २०२३ मध्ये दहा अब्ज डॉलरच्या वर होते, ते २०२४ मध्ये चार अब्जांच्या आसपास आले. देश बुडतो की काय अशी स्थिती. पण याच युद्धामुळे मिस्रला बुडू देणे कुणालाच परवडणारे नव्हते. गाझाची एक सीमा त्याच्या हातात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमिरातीने रास अल-हिक्मा या किनाऱ्यासाठी ३५ अब्ज डॉलरचा करार केला, मार्चमध्ये नाणेनिधीने तीन अब्जांचे कर्ज आठ अब्जांवर नेले, युरोपीय संघाने ७.४ अब्ज युरोंची मदत जाहीर केली.

वीस पियास्तर

आणि मग जे सादात यांना जमले नाही, मुबारक यांनी टाळले, ते झाले. मे २०२४ च्या अखेरीस पंतप्रधान मुस्तफा मदबूली यांनी जाहीर केले की १ जूनपासून रोटी पाचऐवजी वीस पियास्तरला मिळेल. एका झटक्यात चौपट. आपल्या पैशांत सांगायचे तर नऊ पैशांची रोटी पस्तीस पैशांची झाली. २०२४ च्या सरकारी हिशेबाने एका रोटीचा खर्च सव्वा पौंड, म्हणजे सव्वादोन रुपयांच्या आसपास येत होता. तेव्हा बहुतेक भार अजूनही सरकारवरच आहे. वजन २०२० मध्येच ११० ग्रॅमवरून ९० ग्रॅम झाले होते. सात कोटींच्या आसपास लोक ही रोटी खातात.

पाच माणसांचे घर रोज पंचवीस रोट्या घेते असे धरा. महिन्याचा खर्च साडेसदतीस पौंडांवरून दीडशे पौंडांवर गेला. ज्या घरात दूध, अंडी, औषध, शाळेची फी सगळेच दोन वर्षांत दुप्पट झाले, तिथे हे शंभर-सव्वाशे पौंड कुठून काढायचे हे त्या घरातली बाईच जाणे.

या वेळी १९७७ झाले नाही. लोकांना परवडले म्हणून, असे काही जण म्हणतात, आणि बाजारातल्या पावाशी तुलना केली तर वीस पियास्तर अजूनही नगण्य आहेत हे खरे. पण २०१३ च्या नोव्हेंबरपासून तिथे परवानगीविना निदर्शने करण्यावर कडक कायदा आहे आणि तुरुंगांत माणसे आहेत, हेही तितकेच खरे. शांतता पाहून भाव मान्य झाला असा निष्कर्ष आम्ही तरी काढणार नाही.

आता तिथे पुढची चर्चा चालू आहे ती रोटीऐवजी थेट रोख रक्कम देण्याची. आपल्याकडेही रेशनच्या बाबतीत हा विषय अधूनमधून निघतो. कागदावर ते सोयीचे दिसते, गळती थांबते, ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे. मिस्रची बाई मात्र गेल्या काही वर्षांचा पौंड पाहून बसली आहे. पाच रोट्या वजनाने घटल्या तरी पाच रोट्याच राहतात. रोख रक्कम मात्र डॉलरबरोबर वितळत जाते, आणि ती वाढवायची की नाही हे दरवर्षी काहिऱ्यातल्या मंत्रालयात ठरेल.